वाम आणि अहिर : रूप एक, वाटा दोन



आपल्यापैकी जे पावसाळ्याच्या सुरुवातीला राजूर-भंडारदरा बाजूच्या पाड्यांवर येऊन गेले आहेत, त्यांनी हे पाहिले असेल. पहिला मोठा पाऊस पडतो, ओढे गढूळ होऊन वाहू लागतात आणि ठाकर, महादेव कोळी, कातकरी घरांतली माणसे रात्री बॅटरी घेऊन चढणीच्या माशांना निघतात. मासा प्रवाहाविरुद्ध चढत थेट भाताच्या खाचरापर्यंत येतो. त्या रात्री घरात कालवण होते, आणि जास्त मिळाले तर सकाळी बाजारात चार पैसेही मिळतात. टोपलीत कधी एखादा लांबलचक, वळवळणारा मासा असतो. पाहुणा दचकून मागे सरतो आणि घरातली पोरे हसतात. ‘‘साप न्हाय, वाम हाये ती!’’

या अंकाचा अभ्यासपाठ त्या वामीविषयी आणि तिच्यासारख्याच दिसणाऱ्या अहिराविषयी आहे. दोघे इतके सारखे दिसतात की पुष्कळ जण त्यांना एकच समजतात. प्रत्यक्षात वाम आपल्याच नदीत जन्मते, तिथेच वाढते आणि तिथेच मरते. अहिर मात्र जन्मतो खोल समुद्रात, वाढतो नदीत आणि शेवटी पुन्हा समुद्राकडे जातो. त्यामुळे एकाला जी गोष्ट मारते ती दुसऱ्याला मारत नाही. नदीचे रक्षण करायचे म्हटले तर नेमके कशाचे, हा प्रश्न या दोन माशांमुळे फार स्पष्ट होतो. आपल्या वर्गातल्या मुलांना हा पाठ शिकवताना आम्हांला तो प्रश्न सोडता आला नाही.

आधी नावांचा गोंधळ मिटवू. मुंबईच्या किंवा अलिबागच्या बाजारात कोळीण ज्याला ‘वाम’ म्हणते तो वेगळा मासा आहे. तो समुद्रातला, तीक्ष्ण दातांचा, भला मोठा असतो आणि खऱ्या ईल माशांच्या कुळातला आहे. घाटावरची वाम गोड्या पाण्यातली आहे आणि तिचे त्याच्याशी जवळचे नाते नाही. भिगवण परिसरात उजनीच्या पाण्यातली ‘वाम’ किंवा ‘वांब’ म्हणून जी आवडीने खाल्ली जाते, ती हीच घाटावरची. मुंबईहून येणाऱ्या आपल्या स्नेह्यांनी हे लक्षात ठेवले तर जेवणाच्या पंगतीतला एक जुना वाद मिटेल.

ओळखायचे कसे?

साप की मासा, हे प्रथम पाहावे. मासा असेल तर डोक्यामागे दोन्ही बाजूंना कल्ल्याची फट आणि तिच्यामागे लहानसा पर असतो. सापाला यांतले काहीच नसते. पाण्यात दिसणारा साप बहुतेक वेळा दिवड असतो. तो बिनविषारी आहे, पण चावतो. अंधारात, गढूळ पाण्यात हात घालण्याआधी बॅटरी मारून पाहावे, एवढेच इथे सांगतो.

आता दोन मासे. वामीच्या पाठीवरून मानेकडून शेपटीकडे हळूच बोट फिरवा (उलटे फिरवू नका!). तिथे सुट्या सुट्या काट्यांची एक लांब रांग लागेल. तीसपेक्षा जास्त काटे असतात, एकमेकांपासून अलग, आणि वाम चिडली की ते ताठ उभे राहतात. तिचे शास्त्रीय नाव मॅस्टासेम्बेलस आर्मेटस. त्यातल्या ‘आर्मेटस’चा अर्थच शस्त्रधारी. तिच्या नाकाच्या शेंड्याला मऊ मांसाची लहानशी सोंड असते. ती सोंड हलवत, चाचपत ती वाळूतले भक्ष्य शोधते. अंगावर तपकिरी रंगावर काळपट नागमोडी जाळी असते. साधारण हातभर लांबीची वाम नेहमी मिळते. ती वाढून ९० सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकते.

अहिराच्या पाठीवर काटा नसतो. त्याचा पाठीवरचा पर मऊ, झालरीसारखा असतो. तो पाठीवरून शेपटीला वळसा घालून पोटाखाली येतो आणि एकच सलग पट्टी बनते. सोंड नसते, खालचा जबडा वरच्यापेक्षा किंचित पुढे आलेला असतो. अंग बुळबुळीत, हातात न ठरणारे, त्यावर पिवळसर-तपकिरी ठिपक्यांचा चट्टेरी रंग. त्याचे शास्त्रीय नाव अँग्विला बेंगालेन्सिस. हा मनगटापेक्षा जाड आणि माणसाच्या उंचीइतका होऊ शकतो. मोठा अहिर पाहिलेला माणूस ती गोष्ट आयुष्यभर सांगतो.

खवल्यांविषयी एक गंमत. वामीचे खवले बारीक असले तरी बोटाला जाणवतात. अहिराला खवले नाहीतच असे वाटते, पण असतात. ते कातडीत रुतलेले, चटईच्या विणीसारखे आडवे-उभे मांडलेले असतात आणि भिंगाखालीच दिसतात. लेवीयच्या ११व्या अध्यायातला पर आणि खवल्यांचा नियम आठवून एका मुलाने वर्गात विचारले, ‘‘मग अहिर कुठल्या बाजूला धरायचा?’’ भिंग घेऊन बसलेल्या शिक्षकांनाही उत्तर देताना थांबावे लागले.

मुळात वाम ही ‘ईल’ नव्हेच. शास्त्रज्ञ तिला काटेरी परांच्या माशांच्या मोठ्या समूहात धरतात. म्हणजे तिचे नाते अहिरापेक्षा तुमच्या-आमच्या ताटातल्या साध्या काटेरी माशांशी जवळचे आहे. वाळूत, दगडांच्या फटींत शिरायचे तर अंग लांब आणि निमुळते हवे. या गरजेतून दोन वेगळ्या कुळांना एकच रूप मिळाले. वटवाघळाला पंख आहेत म्हणून ते पक्षी होत नाही, तसेच हे.

वाळूतली वाम

वाम दिवसा दिसत नाही. वाहत्या पाण्याखालच्या वाळूत, गोट्यांत किंवा कपारीत ती अंग पुरून राहते. नुसते नाक बाहेर. रात्री निघते आणि गांडुळे, किड्यांच्या अळ्या, झिंगे, लहान मासे खाते. म्हणूनच तिला धरायला गांडूळ लावलेला गळ रात्री टाकून ठेवतात. पावसाळ्यात ती अंडी घालते. अंडी चिकट असतात आणि पाण्यातल्या वनस्पतींना चिकटून राहतात. पिल्ले तिथेच फुटतात आणि वाळूतच लपायला शिकतात. तिच्या साऱ्या आयुष्याला काही किलोमीटर नदी पुरते. धरणाच्या पाण्यातही ती तग धरते. उजनीत ती मिळते याचे कारण हेच.

मग तिला धोका कशाचा? वाळू गेली की वामीचे घर गेले. प्रवरा आणि मुळा या दोन्ही नद्यांच्या पात्रातून वाळू किती उपसली गेली हे संगमनेर, राहुरी, नेवासे भागातल्या कोणाही शेतकऱ्याला विचारा. नदीकाठच्या विहिरी खोल गेल्या म्हणून तो आधीच हळहळत असतो. पात्रात उरतात खड्डे, चिखल आणि उघडा खडक. या तिन्हींत वामीला अंग पुरता येत नाही. अकोल्याच्या वरच्या अंगाला ओढ्यांमध्ये गोटे आणि वाळू अजून शाबूत आहे, म्हणून तिथे वाम आहे.

दुसरा धोका पकडण्याच्या रीतीत आहे. गळाने, पागाने, कामट्यांच्या सापळ्याने मासा धरणे ही जुनी रीत, आणि त्याने नदी रिकामी होत नाही. परंतु अलीकडे डोहात विजेची तार सोडणे, कीटकनाशक ओतणे, सुरुंगाची दारू उडवणे हे प्रकार होतात. विजेने मोठ्या माशाबरोबर वाळूतली पिल्लेही मरतात आणि माणसेही मरतात. औषध ओतलेल्या डोहाचे पाणी खालच्या पाड्यावरची गुरे पितात. हे करणारे बहुधा पाड्याबाहेरचे असतात असा आमचा अनुभव आहे, पण पाड्यावरच्या तरुणांना मोह होत नाही असे म्हणणे खोटे ठरेल. एका रात्रीत टोपलीभर मासा मिळत असेल तर चार महिन्यांचा विचार उपाशी घराला परवडत नाही. ज्यांच्या घरी महिन्याचा पगार येतो त्यांनी याचा निवाडा घाईने करू नये.

चढणीच्या दिवसांत अंड्यांनी भरलेल्या मादीचा प्रश्नही आहे. पहिल्या पुरातला सगळाच मासा मारला तर पुढच्या वर्षी चढायला कोण येणार? काही जाणती माणसे पोट फुगलेली वाम सोडून देतात. हे कोणी शिकवायला गेलेले नाही.

समुद्रातून येणारा अहिर

आता अहिराकडे वळू. त्याची गोष्ट लांबची आहे.

ईल मासा कुठे जन्मतो हे माणसाला दोन हजार वर्षे कळत नव्हते. ग्रीक पंडित ॲरिस्टॉटलला त्याच्या पोटात अंडी सापडली नाहीत, म्हणून तो चिखलातून आपोआप उपजतो असे त्याने लिहिले. पुढे मनोविश्लेषणामुळे जगप्रसिद्ध झालेला सिग्मंड फ्रॉईड १८७६ मध्ये विद्यार्थी असताना त्रिएस्ते बंदरात शेकडो ईल चिरून नराची जननेंद्रिये शोधत होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला योहानेस श्मिट या डॅनिश शास्त्रज्ञाने अटलांटिक महासागर वर्षानुवर्षे पालथा घातला. युरोपातला ईल अंडी घालायला हजारो किलोमीटर दूरच्या सारगासो समुद्रात जातो, असे त्याने सर्वांत लहान पिल्ले कुठे मिळतात यावरून दाखवून दिले. त्याच्याच ‘डॅना’ जहाजाने १९२८ ते १९३० मध्ये जगाची फेरी केली. तेव्हा हिंदी महासागरात, सुमात्रा बेटाच्या पश्चिमेच्या खोल पाण्यात, आपल्याकडच्या ईल जातींची पिल्लेही मिळाली.

ही पिल्ले पाहिली तर कोणी मासा म्हणणार नाही. ती पिंपळाच्या कोवळ्या पानासारखी चपटी आणि काचेसारखी पारदर्शक असतात. समुद्राच्या प्रवाहांबरोबर वाहत ती किनाऱ्याकडे येतात. वाटेत त्यांचे पान गोल होते, सुईएवढा पारदर्शक ईल बनतो आणि नदीच्या मुखाशी गोडे पाणी लागले की तो वर चढू लागतो. ओल्या खडकावरून, शेवाळावरून, बंधाऱ्याच्या ओलसर भिंतीवरूनही लहान अहिर वर सरकू शकतो. त्याची कातडी ओली असेल तर तिच्यातून तो श्वासही घेतो, त्यामुळे पावसाळी रात्री ओल्या गवतातून एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाणे त्याला जमते. नदीत तो वर्षानुवर्षे राहतो, खेकडे, मासे, बेडूक खाऊन वाढतो. मग एके दिवशी त्याचे डोळे मोठे होऊ लागतात, अंग रुपेरी होते, तो खाणे सोडतो आणि पुराबरोबर समुद्राकडे निघतो. तिथे एकदाच अंडी घालायची आणि मरायचे. परत येणे नाही.

नकाशा समोर ठेवून हा प्रवास आपल्या जिल्ह्यापुरता पाहा. प्रवरा रतनगडाजवळ उगम पावते, समुद्र तिथून पश्चिमेला जवळ आहे. घाटाच्या कड्यावर उभे राहिले तर कोकण पायाखाली दिसते. पण प्रवरा वाहते पूर्वेला. प्रवरासंगमाजवळ ती गोदावरीला मिळते आणि गोदावरी पैठण, नांदेड, तेलंगण ओलांडून आंध्रात राजमहेंद्रीच्या पुढे बंगालच्या उपसागराला मिळते. आपल्या बाजूच्या अहिराला समुद्र हजार किलोमीटरांहून दूर. भीमा-सीनेच्या बाजूचा अहिर कृष्णेच्या वाटेने जाणार. तीही वाट तितकीच लांब.

एवढ्या लांबून अहिर इथे खरेच येत होते का? होय, दख्खनच्या नद्यांत ते होते याचा लेखी पुरावा आहे. कंपनी सरकारच्या काळात मुंबई इलाख्यात कर्नल विल्यम हेन्री सायक्स हा सांख्यिकी अधिकारी होता. त्याने दख्खनमधल्या माशांची यादी केली. ती १८३८-४१ या काळात लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. त्याचे काही मासे तर आपल्याच जिल्ह्यातले, श्रीगोंदे तालुक्यातल्या पेडगावजवळ भीमेत मिळालेले. त्याच्या यादीत वामही आहे आणि अहिरही आहे. अहिराला त्याने मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचे नाव दिले होते. नंतर तो आधीच नोंदलेल्या जातीचाच मासा ठरला आणि ते नाव मागे पडले.

सायक्सचे साल पुन्हा पाहा. गोदावरीच्या मुखाजवळ धवळेश्वरमचा बंधारा आर्थर कॉटनने १८४७ मध्ये बांधायला घेतला आणि तो १८५२ मध्ये पुरा झाला. कृष्णेवरचा बेजवाड्याचा बंधारा १८५५ चा. म्हणजे सायक्सने अहिर पाहिला तेव्हा दोन्ही नद्यांच्या मुखाशी एकही भिंत नव्हती. समुद्र ते पेडगाव, समुद्र ते अकोले, वाट मोकळी होती. नंतर प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले, ८२ मीटर उंच. कृष्णेवर नागार्जुनसागर १९६७ मध्ये, गोदावरीवर पैठणचे जायकवाडी १९७६ मध्ये, भीमेवर उजनी १९८० मध्ये. यांच्या अधेमधे कितीतरी बंधारे आहेत. सुईएवढा अहिर एखादा ओला बंधारा चढेलही, पण अशा भिंती एकामागून एक चढून तो प्रवरेत पोहोचणे कसे शक्य आहे? वर राहिलेला मोठा अहिर खाली जायला निघाला तर दरवाजे बंद. वीजगृहाच्या वाटेने गेला तर टर्बाइनची पाती.

धरणांनी या दुष्काळी जिल्ह्याला काय दिले हे आपण सर्व जाणतो. भंडारदऱ्याच्या पाण्यावर श्रीरामपूरपर्यंतचा ऊस उभा राहिला. पण त्या हिशेबाच्या वहीत नदीवर जगणाऱ्या माणसाच्या माशाचे पान कधी उघडलेच गेले नाही. अहिर कमी झाला म्हणून कोणाला भरपाई मागता आली नाही, कारण तो कोणाच्या नावावर नव्हता.

एक फसवी गोष्ट इथे सांगितली पाहिजे. कधीतरी जिल्ह्यात कुठेतरी मोठा अहिर सापडतो, त्याचा फोटो फिरतो आणि लोक म्हणतात, ‘‘बघा, आहेत की अजून!’’ सावध राहा. अहिर फार वर्षे जगतो. स्वीडनमध्ये विहिरीत ईल सोडायची जुनी प्रथा होती. ब्रान्तेविक गावच्या विहिरीतला एक ईल २०१४ मध्ये मेला. तो एका मुलाने १८५९ मध्ये सोडला होता असे तिथले लोक सांगतात. आकडा खरा मानायचा की नाही ते राहू द्या. समुद्राची वाट बंद झाली की ईल प्रौढ होऊन निघून जात नाही, तिथेच म्हातारा होत राहतो, एवढे त्यावरून कळते. म्हणून वरच्या पाण्यात एक मोठा अहिर दिसणे ही अहिरांच्या सुखरूपतेची खूण नाही. लहान अहिर, बोटाएवढा किंवा पेन्सिलीएवढा, सापडला तर मात्र वाट कुठेतरी अजून उघडी आहे असे मानता येईल.

कोकणात स्थिती बरी आहे. तिथल्या नद्या आखूड, समुद्र दिवसाच्या वाटेवर आणि वाटेत भिंती कमी. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत आज अहिर ‘संकटाच्या जवळ पोहोचलेला’ या वर्गात आहे आणि वाम ‘चिंता नाही’ या वर्गात. या याद्या जगाचा हिशेब मांडतात. प्रवरेचा हिशेब आपल्यालाच मांडावा लागेल.

स्वयंपाकघराविषयी एक सूचना. अहिराचे कच्चे रक्त विषारी असते. डोळ्यात किंवा जखमेत गेले तर झोंबते, आग होते. शिजवल्यावर ते विष नाहीसे होते. वामीच्या रक्ताची भीती नाही, तिच्या काट्यांची आहे. म्हणून साफ करताना ती राखेत घोळवून, डोक्याकडून घट्ट धरावी.

उरली शाळेतल्या मुलांची वही. या पावसाळ्यात आपल्या वर्गातली मुले एक साधी नोंदवही ठेवणार आहेत. मासा वाम की अहिर, पाठीवर काटे होते की झालर, लांबी किती वीत, कुठल्या डोहात किंवा ओढ्यात, कोणत्या तारखेला, तळाला वाळू होती की चिखल, एवढेच त्यात लिहायचे. दुसऱ्या पानावर आजोबा-आजींना विचारायचे : अहिर शेवटचा कधी पाहिला, केवढा होता आणि तेव्हा खालच्या अंगाला कोणते धरण झालेले होते? आपल्यापैकी जे भेटीला येणार आहेत त्यांनी येताना शिवणकामाची जुनी मोजपट्टी आणि एखादे जाड भिंग आणले तर उपयोग होईल. वर्गात सध्या एकच भिंग आहे, आणि ते कायम कोणाच्या तरी खिशात असते.